बोटीवरचे बिऱ्हाड

एकाच बोटीवर पाठोपाठ दोन सफरी करावयाच्या आणि दोहोंच्या मध्ये राहण्याची खोली मात्र बदलावयाची, यात लिहिण्याजोगे ते काय आहे, असा प्रश्न वाचक करतील. आम्हांसही प्रारंभी तसेच वाटले होते. बोट तीच, कप्तान तोच, भोजनगृहातील वाढपीसुद्धा तेच. नवव्या मजल्यावरचे चंबूगबाळे उचलून पाचव्या मजल्यावर न्यावयाचे, एवढाच काय तो खटाटोप. त्यास लागलेला वेळही उणापुरा चार तासांचा. परंतु त्या सफरीत पाहिलेले बर्फाचे डोंगर आता स्मरणात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता धबधबा जाताना लागला व कोणता येताना, हेही आम्हांस खात्रीने सांगता येणार नाही. ते चार तास मात्र घड्याळाच्या काट्यांसह आठवतात.

सन २०२३ च्या जून महिन्यातील ही गोष्ट. आमची कन्या कॅनडातील व्हँकूव्हर शहरी असते. तिने व जावयांनी आम्हां उभयतांस अलास्काचा किनारा दाखविण्याचे मनात घेऊन व्हँकूव्हरहून उत्तरेस व्हिटियर बंदरापर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या बोटीची सात रात्रींची तिकिटे काढली. व्हिटियरला उतरून आगगाडीने अँकरेज गाठावे व तेथून विमानाने परतावे, असा मूळचा बेत. पुढे महिनाभराने जावयांच्या ध्यानात आले की, ज्या दिवशी आम्ही उतरणार त्याच दिवशी रात्री तीच बोट उलट व्हँकूव्हरकडे निघते, तीत काही खोल्या शिल्लक आहेत, आणि आयत्या वेळी त्यांचे भाडेही बरेच उतरले आहे. त्यांनी लागलीच तीही सफर घेऊन टाकली. फक्त आमची खोली तेवढी परतीच्या सफरीकरिता दुसऱ्या कोणी आधीच घेतलेली होती. आमच्या दृष्टीने हे एकच जाणेयेणे होते. बोटीच्या दप्तरी मात्र त्या दोन स्वतंत्र सफरी, उतारूंच्या दोन स्वतंत्र याद्या, आणि पहिल्या यादीतला मनुष्य दुसऱ्या यादीत सापडला तर तो केवळ योगायोग.

अलास्का अमेरिकेचे असता तेथील सफरीस कॅनडाच्या बंदरातून निघावे लागते, याचे कारण १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी निशाणाच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात घेतलेला उतारू, वाटेत परमुलखाचे बंदर न करता, अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवू नये, असा त्याचा मथितार्थ. या मोठ्या सफरी जहाजांवर बहुधा बहामा, बर्म्युडा, पनामा अशा देशांची निशाणे फडकत असतात; म्हणून काही व्हँकूव्हरहून निघतात, आणि ज्या अमेरिकेतील सिअ‍ॅटलहून निघतात त्या वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदरास शिवून येतात. कायदा करणाऱ्यांस सव्वाशे वर्षांनंतरच्या सहलींची कल्पनाही नसेल. असो.

पहिली खोली नवव्या मजल्यावर, बोटीच्या उजव्या अंगास होती. दोन खाटा जोडून केलेली एक मोठी खाट, एक लहानसे मेज, आरसा, कपड्यांचे कपाट, चार कप्पे, आणि बाहेर दोन खुर्च्या मावतील एवढी गॅलरी. भिंती पोलादी, त्यांस लोहचुंबक चिकटतो. हे गुपित कन्येने आम्हांस आधीच सांगितल्यामुळे सौभाग्यवतींनी तिच्या फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती मागून आणला होता. बोट धक्क्यावरून हलली नाही तोच तो आरशाशेजारी स्थानापन्न झाला, आणि सौभाग्यवती सामान लावावयास बसल्या. सर्व कप्पे पुसून घेतले. लुगडी एका बाजूस, आमचे सदरे दुसऱ्या बाजूस, औषधे मेजाच्या खणात, चिवड्याचा डबा खिडकीशी. आम्ही सुचवून पाहिले की, आठवड्याने ही खोली सोडावयाचीच आहे, तर निम्मे सामान बॅगेतच राहू द्यावे. उगाच लावा आणि पुन्हा काढा, हा द्राविडी प्राणायाम कशास?

"नाही," त्या म्हणाल्या. "आईंनी पेटी सोडली नव्हती. मी सगळे लावणार."

हे वाक्य समजण्यासाठी आमच्या घरची थोडी हकीकत सांगणे प्राप्त आहे.

आमची आई मालवणची. १९५२ साली लग्न होऊन ती मुंबईस आली ती आगबोटीने. मालवणास आगबोट धक्क्याला लागत नसे; ती दूर पाण्यात उभी राही आणि उतारू होडीतून जाऊन तिच्यावर चढत. पावसाळ्यात तर ही वाट अजिबात बंद. नव्या नवरीने होडीतून आगबोटीत पाय टाकला तेव्हा तिच्या मागोमाग एक हिरव्या रंगाची लोखंडी पेटी वर आली. डेकवर जेथे जागा मिळेल तेथे सतरंजी पसरावी, उशाशी पेटी घ्यावी आणि रात्र काढावी. खोली, नंबर, किल्ली या गोष्टी वरच्या वर्गाच्या लोकांसाठी. दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर उतरून ती गिरगावातील चाळीच्या दोन खोल्यांत आली, आणि सत्तावन्न वर्षे तेथेच राहिली. आमचा जन्म, शिक्षण, लग्न, कन्येचा जन्म, वडिलांचा अंत, सर्व त्याच दोन खोल्यांत झाले.

२००९ साली चाळ पाडून तेथे उंच इमारत बांधावयाचे ठरले. तीन वर्षांत नवी जागा देतो असे बांधणाऱ्यांनी लिहून दिले आणि तोवर राहण्यास शहराच्या उत्तर टोकाला एक खोली दिली. असल्या वसतीस सरकारी मराठीत 'संक्रमण शिबिर' म्हणतात. संक्रमण हा शब्द आम्हांस तोवर तिळगुळापुरताच ठाऊक होता. लोक तिला नुसते 'ट्रान्झिट' म्हणत. "कोठे राहता?" "सध्या ट्रान्झिटमध्ये." या 'सध्या'ची दहा वर्षे झाली. नव्या जागेची किल्ली आमच्या हाती पडली ती २०१९ साली. आई २०१४ सालीच गेली होती.

त्या ट्रान्झिटच्या खोलीत आईने आपली हिरवी पेटी कधी सोडलीच नाही. बाकीचे सामान आम्ही लावले, पण पेटी दोरी बांधून खाटेखाली सारलेली. सौभाग्यवती म्हणत, "आई, काढू या का तुमच्या वस्तू?" तिचे उत्तर ठरलेले: "आता जायचेच आहे, कशाला पसारा?" आम्हांस तिचे हसू येई. पुढे ती गेल्यावर दोरी सोडून पाहिले तो आत पितळेचे दोन डबे, समई, गिरगावच्या खोलीचे कुलूप किल्लीसह, आणि वर्तमानपत्राच्या कागदांची एक गुंडाळी निघाली. फळ्यांवर अंथरावयाचे कागद ते. कडा कात्रीने नागमोडी कापलेल्या, आणि लांबीरुंदी गिरगावच्या स्वयंपाकघरातील फळ्यांच्या मापाची. नव्या घरात फळ्या नाहीत. सगळी बंद कपाटे आहेत.

तेव्हा बोटीवरच्या खोलीत सौभाग्यवती चारही कप्पे भरीत असता आम्ही पुढे काही बोललो नाही.

आमच्या खोलीची व्यवस्था पाहणारा मुलगा दैवयोगाने मालवणकडचाच निघाला. बोटीवर या मंडळींस स्टुअर्ड म्हणतात. पहिल्या दिवशी तो आमच्याशी नेटक्या इंग्रजीत बोलला. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी चिवड्याची बशी पुढे करताच त्याची मालवणी सुटली, आणि त्या पोलादी खोलीत आईच्या बोलण्याचा हेल ऐकून आम्ही क्षणभर वर्तमानपत्र खाली ठेवले. नऊ वर्षांत तो कानी पडला नव्हता. त्या दिवसापासून आम्ही 'काका' व 'काकी' झालो. त्यास दर खेपेस सातआठ महिन्यांचा करार असे. मग दोन महिने घरी, की पुन्हा दुसरी बोट. तो स्वतः कोठे राहतो असे विचारता त्याने बोट खाली दाखविले. पाण्याच्या पातळीखाली, दोघांत एक खोली, आणि दर कराराला खोली नवी, सोबती नवा.

"मग तुला करमते कसे?" सौभाग्यवतींनी विचारले.

"पयल्या आठवड्यात नाय करमणा, काकी. मगे खोली आपली जाता. आपली झाली काय करार संपता."

व्हिटियरच्या आदल्या संध्याकाळी दाराच्या फटीतून एक पत्रक आत आले. उद्या सकाळी आठ वाजता खोली सोडावी. टांगलेले कपडे टांगलेलेच ठेवावेत, ते नोकर हँगरांसकट नव्या खोलीत नेतील. कप्पे व तिजोरी रिकामी करून ते सामान बॅगांत भरावे, बॅगांस नव्या खोलीचा नंबर लावावा. नवी खोली साधारणपणे बारा वाजता तयार होईल. शेवटी एक सूचना जाड अक्षरांत होती: बॅगा खोलीबाहेर ठेवू नयेत. ज्यांस उतरावयाचे होते त्यांच्या बॅगा रंगीत पट्ट्या लावून त्या रात्री बाहेर बोळात ठेवल्या जात होत्या, आणि बोळात जे जे ठेविले ते ते पहाटे धक्क्यावर जात होते. चुकून आमची बॅग त्यांत मिसळली तर आम्ही व्हँकूव्हरला आणि आमची लुगडीसदरे अँकरेजला, अशी वाटणी होणार. सौभाग्यवतींनी बॅगा दारापासून शक्य तितक्या दूर, गॅलरीच्या काचेशी रचल्या आणि रात्री दोनदा उठून पाहिल्या.

सकाळी आठास स्टुअर्ड आला. त्याची घाई आम्हांस दिसत होती. या मुलांची खरी परीक्षा अशाच दिवशी असते. दोन-तीन हजार माणसे सकाळी उतरतात, तितकीच दुपारपासून चढू लागतात, आणि मधल्या तीनचार तासांत प्रत्येक खाटेची चादर, प्रत्येक न्हाणीघराचा आरसा, प्रत्येक पेला नव्या माणसाकरिता असा व्हावा लागतो की जणू येथे पूर्वी कोणी राहिलेच नव्हते. बोळांत मळक्या चादरींचे ढीग पडले होते. उघड्या दारांतून अर्ध्या मोडलेल्या खोल्या दिसत होत्या. त्या गडबडीत आमच्या सौभाग्यवती कोचावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "नवी खोली एकदा दाखव, मग मी ही सोडते."

स्टुअर्डाने समजावून सांगितले की, त्या खोलीतले उतारू अद्याप गेले नाहीत. शिवाय पाचवा मजला त्याच्याकडे नाही, तेथील माणूस निराळा.

"म्हणजे तू नसणार?"

"नाय काकी. थय दुसरो आसा. चांगलो आसा."

"आणि ती माणसे उतरलीच नाहीत तर?"

आम्ही मध्ये पडलो. अगं, त्यांची तिकिटे संपली. ते उतरणार नाहीत तर जातील कोठे, असा बिनतोड मुद्दा मांडला. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले मात्र. तीन वर्षांत जागा देतो, हाही मुद्दा बिनतोडच होता, कागदावर होता, आणि तो वाचून त्यांस समजावून सांगणारेही आम्हीच होतो. मुलगा क्षणभर थांबला, मग त्याने कपाट उघडले, टांगलेली सर्व लुगडीसदरे दोन्ही हातांवर घेतली आणि म्हणाला, "काकी, तुमी कायएक काळजी करू नकात. ह्ये कपडे मी नेतंय. ती खोली रिकामी होय पावत ह्ये माझ्या नदरेसमोर." सौभाग्यवती उठल्या. गणपती भिंतीवरून काढून त्यांनी पर्समध्ये टाकला, आणि आम्ही बाहेर पडलो.

खाली कचेरीच्या मेजावर जुनी कार्डे देऊन नवी घेतली. ही कार्डे म्हणजेच खोलीची किल्ली. बोटीवर आमच्यासारखे शंभरएक लोक असतील. पुष्कळजण या कामात मुरलेले, कितीदा सफरी केल्या याचे आकडे एकमेकांस सांगणारे. त्या सर्वांस त्या दिवसापुरते एक जादा कार्ड मिळाले, की ज्यायोगे धक्क्यावर जाऊन पुन्हा बोटीवर येण्यास अडचण पडू नये. त्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते: 'इन ट्रान्झिट'.

सौभाग्यवतींनी ते चष्मा लावून वाचले आणि पालथे करून पर्समध्ये ठेवले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

डेकवर पाऊस भुरभुरत होता. आम्ही छपराखालच्या दोन खुर्च्या धरल्या. समोर व्हिटियर. तिन्ही बाजूंस बर्फाळ डोंगर, चौथीस समुद्राचा एक चिंचोळा फाटा. गावात येण्यास जमिनीवरून एकच वाट आहे, ती डोंगरातून खोदलेल्या सुमारे चार किलोमीटर लांबीच्या बोगद्याची. त्यातून आगगाडी व मोटारी एकाच अरुंद मार्गाने पाळीपाळीने जातात. ठराविक वेळी या बाजूच्या, ठराविक वेळी त्या बाजूच्या. १९४३ पासून तेथून केवळ आगगाडी जात असे. मोटारींस ही वाट खुली झाली २००० साली. गाव वसविले लष्कराने, दुसऱ्या महायुद्धात. आज तेथे सुमारे पावणेतीनशे माणसे राहतात, आणि त्यांतील बहुतेक सर्व एकाच इमारतीत राहतात. बेगिच टॉवर्स हे तिचे नाव; मजले चौदा. टपाल, दुकान, दवाखाना तिच्या पोटात. शाळा शेजारी, पण तिकडे जावयास जमिनीखालून वाट, म्हणजे हिवाळ्यातील बर्फातसुद्धा मुलांस टोपी न घालता वर्गात जाता येते. इमारत डेकवरून चांगली दिसत होती. फिकट रंगांचे पट्टे, खिडक्यांच्या रांगा, आणि कोठे कोठे दिवा.

"चाळच आहे की," सौभाग्यवती म्हणाल्या. इतक्या वेळाने त्या प्रथमच बोलल्या.

आम्हांस हायसे वाटून आम्ही पुष्कळ बोललो. गाव म्हणजेच घर असल्यावर घर बदलणे म्हणजे मजला बदलणे. तिसऱ्यावरचा नवव्यावर गेला तर तो गाव सोडून गेला म्हणावे की काय. गणपती बसला तर एकच, आणि वर्गणीस कोणाला नाही म्हणता यावयाचे नाही, वगैरे वगैरे. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि पाडायची झाली तर? एवढ्या सगळ्यांना ठेवतील कुठे?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

साडेअकरापर्यंत आम्ही तसेच बसलो. बाकीची मंडळी आत गरम कॉफी पीत पत्ते खेळत होती. आम्हांसही कोणी अडविले नव्हते. संपूर्ण बोट आम्हांस मोकळी होती, सतरा मजल्यांवर बसावयास शेकडो खुर्च्या होत्या, आणि तरीही जेथे चप्पल काढून पाय वर घ्यावे अशी एकही जागा नव्हती. त्या तीनसाडेतीन तासांत सौभाग्यवतींनी पर्स मांडीवरून खाली ठेविली नाही. खाटेवरून उतरताना प्रथम वाकून पेटीकडे पाहणारी आई आम्हांस आठवत होती. ते पाच वर्षांतले रोजचे पाहणे होते. आम्ही त्यास म्हातारपणाची सवय म्हणत असू.

पावणेबारास पाचव्या मजल्यावर गेलो. दार उघडले, हिरवा दिवा लागला. आमचे कपडे कपाटात टांगलेले. क्रम तोच, आधी लुगडी, मग सदरे. बॅगा खाटेशेजारी. सगळे यथासांग होते. मग आम्ही पडदा बाजूस सारला, तो खिडकीसमोर एक भली मोठी नारिंगी रंगाची होडी टांगलेली! बोट बुडाल्यास जिच्यात बसून जीव वाचवावयाचा ती ही होडी, आणि तिने पाऊण समुद्र अडविला होता. भाडे का उतरले होते त्याचा उलगडा झाला.

आम्ही मात्र हार खाल्ली नाही. खोली बोटीच्या डाव्या अंगास आहे याकडे सौभाग्यवतींचे लक्ष वेधून आम्ही म्हटले की, उत्तरेस जाताना किनारा उजवीकडे असतो आणि दक्षिणेस येताना डावीकडे. म्हणजे खोली बदलून मिळाली हे आपले भाग्यच. पुष्टीसाठी आम्ही विलायतच्या बोटींचा दाखला दिला. इंग्रजीतील 'पॉश' हा शब्द मुंबईस ये-जा करणाऱ्या बोटींवरून निघाला, असे आमच्या पिढीतील पुष्कळांस पढविलेले आहे: साहेबलोक येताना डाव्या अंगाची व परतताना उजव्या अंगाची, म्हणजे उन्हाचा ताप टाळणारी, खोली घेत आणि त्या शब्दांची आद्याक्षरे तिकिटावर मारलेली असत. शब्दांचे मूळ शोधणाऱ्या पंडितांस असे एकही तिकीट मिळालेले नाही व ते ही व्युत्पत्ती मानीत नाहीत, हे आम्ही त्या वेळी सांगितले नाही. सौभाग्यवतींनी सर्व ऐकून घेतले आणि होडीच्या वरून दिसणारी हाताएवढी आकाशाची पट्टी पाहून त्या म्हणाल्या, "साहेबांच्या खिडकीपुढे होडी नसेल." मग त्या कप्पे पुसू लागल्या. गणपती आरशाशेजारी लागला. सायंकाळी संकटसमयी जमण्याची कवाईत झाली. खोली बदलली म्हणजे जमण्याचे ठिकाणही बदलते, तेव्हा पहिल्या आठवड्याचे शिक्षण फुकट जाऊन तेही नव्याने शिकलो.

त्या रात्री आमच्या हातून एक गोष्ट घडली. जेवणानंतर सौभाग्यवती खोलीवर गेल्या आणि आम्ही थोडे वाचीत बसलो. दहाच्या सुमारास उठलो, जिन्याने वर गेलो, बोळात वळलो, डावीकडचे पाचवे दार, आणि कार्ड लावले. तांबडा दिवा लागला. पुन्हा लावले. पुन्हा तांबडा. कार्ड सदऱ्याला पुसून तिसऱ्यांदा लावीत आहो तोच दार आतून उघडले आणि झोपण्याच्या अंगरख्यातील एक वृद्ध बाई समोर उभी राहिली. तिच्या मागे आमचे मेज होते, आमचा आरसा होता. खाटेवर तिच्या बॅगा न उघडलेल्या पडल्या होत्या. ती घाबरली असावी. आम्ही क्षमा मागितली, आणि का कोण जाणे, तिला म्हणालो, "आम्ही येथे राहत होतो." ती सौजन्याने हसली व तिने दार लावून घेतले.

जिना उतरताना पाय जड झाले. २०११ सालच्या पावसाळ्यात एके दिवशी आई ट्रान्झिटच्या खोलीतून नाहीशी झाली होती. वय एकोणऐंशी. तीन तासांनी गिरगावातून दूरध्वनी आला, चाळीच्या जागेवरील पहारेकऱ्याचा. चाळ तेव्हा उरलीच नव्हती. पत्र्यांचे कुंपण आणि आत पाण्याने भरलेला खड्डा. ही बाई कुंपणाशी उभी आहे, हलत नाही, आत सोड म्हणते, 'मी येथे राहते' म्हणते, असे त्याने सांगितले. तिच्या बटव्यात आमचा नंबर सापडला. आम्ही कचेरीतून रजा टाकून गेलो आणि टॅक्सीत सबंध रस्ताभर तिला रागे भरलो. एवढे लोक विचारतात, लाज नाही का वाटत. आम्ही कामे सोडून कितीदा धावायचे. तेथे काय आहे आता पाहण्यासारखे? ती खिडकीतून बाहेर पाहत होती. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "सवयीने गेले रे."

दाराचा प्रकार आम्ही दोन दिवस सौभाग्यवतींपासून लपवून ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विनोदाचा रंग देऊन सांगितला: तांबडा दिवा, अंगरखा, आमची फजिती. त्या हसल्या नाहीत. चहाचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी टॅक्सीत आईंना बोललात ना, ते मला मुळीच आवडले नव्हते."

बारा वर्षे त्यांनी हे वाक्य मनात ठेविले होते. मालवणी मुलगा हँगर घेऊन गेला नसता, कार्डावर तो शब्द छापला नसता, तर कदाचित ते तसेच राहते.

"मलाही," आम्ही म्हणालो. त्यावर अधिक बोलणे झाले नाही. खिडकीबाहेर नारिंगी होडी हलत होती.

त्याच दिवशी बोट ग्लेशियर बे नामक उपसागरात शिरली. तेथे एका दिवशी दोनच मोठ्या सफरी जहाजांस प्रवेश आहे. त्या राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी लहान होडीतून येऊन बोटीवर चढले आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगू लागले. पहिल्या खेपेस याच ठिकाणी आम्ही केवळ बर्फाचे कडे कोसळताना पाहत होतो. कानांवर काय पडले ते ध्यानात राहिले नव्हते. या खेपेस ऐकले. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी हा उपसागर नव्हताच; तेथे जमीन होती आणि हूना त्लिंगिट लोकांची वस्ती होती. अठराव्या शतकात हिमनदी झपाट्याने पुढे सरकली व तिने त्यांस घराबाहेर काढले. ते समुद्रापलीकडे जाऊन हूना गावी राहिले. पुढे हिमनदी मागे हटू लागली. आजवर सुमारे शंभर किलोमीटर हटली आहे, आणि तिने मोकळी केलेली जागा म्हणजेच हा उपसागर. जमीन होती तेथे आता खोल पाणी. २०१६ साली त्या काठावर त्लिंगिटांचे एक सामायिक घर विधिपूर्वक उभे राहिले, देवदाराच्या कोरीव फळ्यांचे.

सौभाग्यवतींनी विचारले, "आता राहतात का तिथे?"

राहत नाहीत, समारंभास, मुलांस दाखवावयास येतात, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान हलविली आणि शाल ओढून घेतली.

मालवणी मुलगा नंतर दोनदा भेटला. एकदा बोळात, हातात टॉवेलांची चळत. एकदा मुद्दाम पाचव्या मजल्यावर येऊन चौकशी करून गेला. नव्या मजल्यावरचा स्टुअर्ड फिलिपाइन्सचा, कामात चोख, हसतमुख. पण त्याला चिवडा तिखट लागला. मालवणी मुलाने जाताना सांगितले की, त्याचा करार सप्टेंबरात संपतो. मग घर. घरी कोण असते, असे विचारता म्हणाला, आवस एकटीच असता.

व्हँकूव्हरच्या आदल्या रात्री पुन्हा बॅगा भरावयास घेतल्या. या वेळी रंगीत पट्ट्या लावून त्या बोळात ठेवावयाच्या होत्या. गणपती सर्वांत शेवटी निघाला. मग सौभाग्यवतींनी नेहमीप्रमाणे एकेक कप्पा पार मागपर्यंत हात फिरवून पाहिला. खालच्याच्या कोपऱ्यात एक पांढरी गुंडी सापडली. आमच्या कोणत्याही सदऱ्याची ती नव्हती. त्यांनी ती दिव्याशी धरून पाहिली, आणि पुन्हा होती तेथे ठेवून कप्पा लावला.